काटेरी हलवा, साखरगाठी आणि ‘पूर्वीची चव’

संक्रांतीचा काटेरी हलवा, होळी-पाडव्याच्या साखरगाठी आणि लक्ष्मीपूजनाचे बत्तासे हे महाराष्ट्राच्या सणांचे तीन ठरलेले साखरपदार्थ आहेत. तिन्हींचा मुख्य माल एकच, साखर आणि पाणी. तिन्ही वर्षातून थोडेच दिवस बाजारात दिसतात आणि सण सरला की दिसेनासे होतात. मिठाईवाल्याच्या काचेच्या कपाटात पेढे-बर्फीशेजारी त्यांना जागा नसते. ते पूजासाहित्याच्या दुकानात, मंडईच्या तोंडाशी, हातगाडीवर किंवा किराणा दुकानाच्या दारात टांगलेले असतात.

त्यांच्याविषयी दोन मते दरवर्षी हमखास ऐकू येतात. एक मत असे, की हे पदार्थ म्हणजे नुसती साखर. ना चव, ना पोषण. कोणी खात नाही, रीत म्हणून आणायचे आणि मुंग्या लागल्या की टाकून द्यायचे. दुसरे मत हळहळते: आताच्या हलव्यात पूर्वीची चव राहिली नाही, आजीच्या हातचा हलवा तो हलवा, आताचा सगळा बाजारी माल. वरवर पाहता ही मते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तरी ती एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडून, एकाच बैठकीत निघतात. याचे कारण दोहोंच्या मुळाशी असलेली समजूत एकच आहे: सणाच्या साखरेचे मोल जिभेने ठरवायचे. ही समजूत चुकीची आहे. तिचा भुर्दंड हे पदार्थ करणाऱ्या माणसांना बसतो, म्हणून ती खोडून काढणे गरजेचे आहे.

‘नुसती साखर’ हा आक्षेप आधी घेऊ. हलवा होतो तो असा. पसरट परात मंद आचेवर ठेवतात. तिच्यात तीळ, खसखस, साबुदाणा, मगजबी, बडीशेप, लवंग, शेंगदाणा, डाळ यांपैकी जे हवे ते थोडे गरम करून घेतात. साखरेचा पाक वेगळा तयार असतो. त्यात थोडे दूध घालून वर आलेली मळी काढून टाकलेली असते. त्यातला चमचाभर पाक परातीतल्या दाण्यांवर सोडायचा आणि तो सुकेपर्यंत दाणे बोटांनी फिरवत राहायचे. सुकला की पुढचा चमचा. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. आच वाढली तर पांढरा रंग जाऊन पिवळेपणा येतो. हात थांबला तर काटा धरत नाही. पहिल्या दिवशी तीळ जेमतेम पांढरा होतो. ठसठशीत काटे येईपर्यंत हेच काम दिवसामागून दिवस चालते. हवा दमट असली तर पाक सुकत नाही आणि आदल्या दिवशीचा काटाही बसतो. पौषातली कोरडी थंडी या कामाला लागते ती त्यासाठी.

हा काटा कोणत्याही साच्यातून येत नाही. दाणा परातीत लोळतो तेव्हा पाक त्याला सगळीकडून सारखा बसत नाही. जिथे जरासा उंचवटा झालेला असतो, तिथे पुढचा पाक आधी टेकतो, तिथले पाणी आधी उडते आणि साखरेचे नवे स्फटिक तिथेच धरतात. उंचवट्याचे टोक होते, टोकाचा काटा होतो. आच, पाकाचा दाटपणा आणि बोटांचा वेग या तिघांचा मेळ बसला तरच हे घडते. साखरेच्या डब्यात हात घातला तर यातले काय हाती लागते?

असाच काटेरी दाणा जपानमध्येही होतो. त्याला तिथे ‘कोंपेइतो’ म्हणतात. पोर्तुगीजांबरोबर तो सोळाव्या शतकात तिथे गेला. १५६९ साली लुईस फ्रॉइश या जेझुइट धर्मप्रचारकाने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीतून तो नजर केल्याची नोंद आहे. पद्धत तीच: गाभ्याला दाणा, त्यावर पाक, मंद आच, सतत हालचाल आणि दोन आठवड्यांच्या आसपासचा वेळ. आज मोठी तिरकी कढई यंत्राने फिरते, पण पाक कधी आणि किती सोडायचा हे कारागीरच ठरवतो. क्योतो शहरात १८४७ पासून केवळ हाच दाणा करणारे एक घराणे आहे. जपानच्या राजघराण्याच्या समारंभात पाहुण्यांना चांदीच्या छोट्या डबीतून हाच साखरदाणा भेट देतात. तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला काटे का फुटतात या प्रश्नावर लेख लिहिला. तो दाणाही साखरच आहे. तिथे त्याला ‘नुसती साखर’ म्हणून कोणी नाक मुरडत नाही. तो सम्राटाच्या हातून देण्याजोगा मानला जातो. तीच कारागिरी पुण्या-नाशकातल्या परातीवर झाली की तिची किंमत साखरेच्या किलोच्या भावाने का व्हावी?

चवीचा मुद्दाही तपासायला हवा, कारण हलव्याला चव नाही असे म्हणणारे बहुधा तो चुरमुऱ्यासारखा मुठीने तोंडात टाकून चावतात. हलवा चावायचा नसतो. दोन-चार दाणे जिभेवर ठेवले की आधी काटे विरतात आणि खरखरीतपणा जातो. मग गुळगुळीत गोडी उरते, आणि ती सरता सरता आतला दाणा हाती लागतो: तिळाचा खमंग तेलकटपणा, बडीशेपेचा गारवा किंवा लवंगेचा झणका. लवंगेचा हलवा खाताना गोडाकडून तिखटाकडे जो प्रवास होतो, तो दुसऱ्या कोणत्याही मराठी गोड पदार्थात नाही. साबुदाण्याचा हलवा शेवटी मऊ पडतो, मगजबीचा कुरकुरतो. एकाच वाटीत इतके प्रकार असतात. ज्याला सगळे सारखेच लागतात, त्याने पदार्थाला दोष देण्याआधी तो सावकाश खाऊन पाहावा.

गाठीची कृती वेगळी आहे. सागवानी लाकडाच्या साच्यात गोल, चौकोनी, पाना-फुलांच्या आकाराचे खळगे कोरलेले असतात. साचा पाण्यात भिजवून घेतात, म्हणजे साखर लाकडाला धरत नाही. खळग्यांच्या मधून दोरा ताणून बसवतात आणि वरून उकळता पाक ओततात. काही मिनिटांत पाक गोठतो, साचा उघडतो आणि दोऱ्यात ओवलेली पांढरी माळ बाहेर येते. मोठा गोल पदकासारखा खाली, लहान गोल वर. पाकाचा नेमका क्षण साधला नाही तर माळ साच्यातच तुटते किंवा चिकट राहते. गाठीचे काम होळीच्या आधी महिना-दीड महिना, म्हणजे ऊन तापू लागते तेव्हा, भट्टीसमोर उभे राहून करावे लागते. खानदेशात होळीला मुलांसाठी साखरेचे हार-कंगन विकत घेतात, विदर्भ-मराठवाड्यात होळीला पोरांच्या गळ्यात गाठ्या पडतात, इतरत्र पाडव्याच्या गुढीला कडुलिंबाच्या डहाळीशेजारी गाठीची माळ लागते.

गाठी खायला कंटाळवाणी, म्हणून ती काळबाह्य, असे सांगितले जाते. तिच्याऐवजी चॉकलेटची माळ का नको, असाही प्रश्न विचारला जातो. याचे उत्तर चैत्राच्या उन्हात आहे. गुढी सकाळी उभी राहते आणि सूर्यास्ताच्या सुमारास उतरते. दिवसभर ती उघड्यावर असते. कोको बटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यात पारा सहज त्याच्या पुढे जातो. साखरेचा स्फटिक त्या उन्हाला दाद देत नाही. दूध, खवा, तूप, कोको यांपैकी काहीही असलेला कोणता गोड पदार्थ दिवसभर गुढीवर टिकेल? तांबड्या-पिवळ्या रेशमी खणावर डाग न पाडता लोंबकळत राहील आणि संध्याकाळी प्रसाद म्हणून हातावर ठेवता येईल? गाठी त्या जागी आहे, कारण त्या ऋतूत त्या जागेला तोच पदार्थ चालतो. जशी हलव्याला पौषाची कोरडी थंडी हवी, तशी चैत्राच्या गुढीला उन्हात न वितळणारी गाठी हवी. ही ऋतूची निवड आहे. तिला जुनाट म्हणण्याआधी ऋतू बदलावा लागेल.

शिवाय गाठी कोणी खात नाही हे खरेच नाही. ती पाडव्यानंतर महिनाभर घरात वापरली जाते. उन्हातून आलेल्याला पाण्याबरोबर तुकडा देतात. कैरीच्या पन्ह्यात, लिंबाच्या सरबतात, शिऱ्यात, दुधात ती कुटून घालतात. पूजेतली वस्तू वाया जाऊ द्यायची नाही ही घरातल्या बायकांची शिस्त त्यामागे आहे. गाठी कचऱ्यात जात असेल तर ती शिस्त सुटली आहे. त्यात गाठीचा काय दोष?

बत्ताशाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. साळीच्या लाह्यांबरोबर तो लक्ष्मीपूजनाला लागतो, पाकात सोडा घातल्याने फुगतो, तोंडात टाकताच विरतो, आणि त्याच्यावर टीकाही कमीच होते.

आता हळहळीकडे येऊ. ‘पूर्वीची चव राहिली नाही’ या वाक्यातला ‘पूर्वी’ म्हणजे नेमका कोणता काळ? हलवा आणि गाठी ज्या पांढऱ्याशुभ्र साखरेचे होतात, ती साखर सामान्य मराठी घरात फार जुनी नाही. गोडासाठी गूळ होता. साखर पाहुण्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. परदेशातून, मुख्यतः मॉरिशसहून, येणारी साखर जुन्या घरांत ‘मोरस’ म्हणून ओळखली जाई. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीत तिच्यावर बहिष्कार घालण्याचा प्रचार झाला. ती हाडांच्या कोळशाने शुद्ध करतात, म्हणून पूजेला आणि खाण्याला निषिद्ध आहे, असा आक्षेप त्या वेळी घेतला जात होता. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण मिळाले तेव्हा देशात कारखाने झपाट्याने वाढले. प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला. त्याच्या पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रांग लागली. अनादी काळापासून चालत आलेली म्हणून जिची आठवण काढली जाते, ती घरोघरची पांढरीशुभ्र हलव्याची वाटी या इतिहासाचे अपत्य आहे.

आणि तरीही साखर मुबलक झाली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात आलेले नियंत्रण पुढे कधी उठले, कधी परत आले. शिधापत्रिकेवर माणशी मोजून साखर मिळे आणि दिवाळीला थोडी जादा साखर मिळणार ही वर्तमानपत्रात छापण्याजोगी बातमी असे. कारखान्यांनी ठरावीक हिस्सा सरकारला स्वस्तात देण्याचे लेव्हीचे बंधन तर २०१३ साली उठले. ज्या पिढीने रेशनच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभे राहून साखर आणली, तिच्या लहानपणी गळ्यातली गाठीची माळ ही वर्षातली सर्वांत मोठी साखरेची मालमत्ता होती. एक पदक तोडून बहिणीला, एक मित्राला, उरलेले जपून चाटत चार दिवस पुरवायचे. ती गोडी खरी होती, यात शंका नाही. पण ती साखरेच्या दुर्मीळपणाची गोडी होती. आजच्या मुलाच्या घरात सकाळी बिस्किटे, दुपारी सॉस, संध्याकाळी शीतपेय यांतून साखर येते. त्याला गाठी तेवढी गोड लागत नसेल तर गाठी बिघडलेली नाही. सुक्रोजचा रेणू १९६० साली होता तोच आज आहे. बदल झाला आहे तो खाणाऱ्याच्या भुकेत. भूक भागली याचे दुःख करायचे काय? साखरेसाठी रांग लावणारे बालपण पुन्हा कोणाच्या वाट्याला यावे, असे या हळहळणाऱ्यांना वाटते काय?

‘आजीच्या हातचा हलवा’ हा हळहळीचा सर्वांत हळवा भाग आहे, आणि सर्वांत अन्यायकारकही. त्या आठवणीत हलवा असतो, हलव्याची वाटी असते, आजीचा हसरा चेहरा असतो. परातीवरचा हात मात्र नसतो. हलवा करताना गरम परातीतल्या पाकात बोटे सतत फिरवावी लागतात. टोके भाजतात, कातडी निबर होते, पाठ धरते. दिवसभराचा स्वयंपाक, धुणी, भांडी आटोपल्यावर रात्री किंवा उजाडण्यापूर्वी, थंड कोरडी हवा असताना, ती बाई परातीसमोर बसे. सुनेची किंवा लेकीची पहिली संक्रांत असेल तर काम दुप्पट. काळ्या चंद्रकळेवर घालायला हलव्याचे हार, बाजूबंद, तोडे, नथ, मुकुट आणि जावयासाठी नारळ आणि हार करायचा. नातवाचे बोरन्हाण असेल तर त्याच्या अंगावर घालायला वेगळे, डोक्यावरून ओतायला वेगळे. दोऱ्याच्या फासात एकेक काटेरी दाणा अडकवून माळ करायची म्हणजे काटे न मोडता अडकवायचा. हात थोडा जड पडला की दाणा फुटतो. या कामाचा मोबदला शून्य होता. त्याची नोंद कोणत्याही हिशेबाच्या वहीत नाही. ‘तुमच्या हाताला चव आहे हो’ एवढे ऐकून तिला समाधान मानावे लागे.

आज त्याच घरातल्या मुली-सुना नोकरी करतात, शिकतात, आठ दिवस परातीसमोर बसत नाहीत. यात हरवले काय? कोणीतरी विनामोबदला राबण्याची सोय हरवली. ती सोय पदार्थाची चव म्हणून मिरवली जाते, हा या साऱ्या हळहळीतला खोटेपणा आहे. ज्यांना आजीचा हलवा खरोखरच हवासा वाटतो, त्यांच्यापैकी कितीजण परात घेऊन बसतात? कृती अवघड असली तरी गुप्त नाही. साखर, दूध, तीळ, परात आणि वेळ एवढेच लागते. पुरुषांच्या बोटांनाही काटा येतो.

हलव्याची परंपरा संपलेली नाही. ती घरातल्या विनामूल्य श्रमातून बाहेर पडून धंद्यात आली आहे. दिवाळी झाली की हलव्याच्या दागिन्यांचे काम सुरू होते. घरगुती उद्योग करणाऱ्या बायका, बचत गट, पिढीजात कारागीर हे काम करतात. पुण्याच्या तुळशीबागेत, मुंबईत दादरला, कित्येक गावांत मुख्य पेठेत हे दागिने मिळतात. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, तिथल्या पहिल्या संक्रांतीसाठी आणि बोरन्हाणासाठी, ते खोक्यातून पाठवले जातात. नक्षीही थांबलेली नाही: जुन्या ठुशी-तन्मणीच्या जोडीला बाळासाठी बासरी, मोरपीस, मनगटी घड्याळ, मोबाईल असे दागिने होतात. ज्या पदार्थाची इतकी नवनवी रूपे होतात त्याला मेलेला कसे म्हणायचे?

पण हेच हळहळणारे गिऱ्हाईक दुकानात किंमत ऐकून म्हणते, ‘एवढ्याशा साखरेचे एवढे पैसे?’ या एका प्रश्नात त्याची सगळी आस्था उघडी पडते. पैठणीची किंमत कोणी रेशमाच्या किलोच्या भावाने करत नाही. मग हलव्याच्या हाराची का करावी? आजीने फुकट केला तेव्हा तो अमोल होता, आणि शेजारच्या गल्लीतल्या बाईने मजुरी मागितली की तो महाग झाला. आजीची आठवण काढताना ज्या श्रमाला अश्रू मिळतात, त्याच श्रमाला बाजारात घासाघीस मिळते. हे दुटप्पीपण आहे आणि त्याला दुसरे सौम्य नाव नाही.

यंत्राबद्दलची कुरकुरही याच जातीची आहे. फिरत्या कढईत केलेला हलवा म्हणजे खोटा हलवा, असे सांगितले जाते. पाक तोच, दाणा तोच, काटा धरण्याचा नियमही तोच. फरक एवढाच, की कढई फिरवायचे कष्ट मोटार करते. यंत्राच्या हलव्याला काटा बोथट असेल तर पाक घाईने सोडला, एवढाच त्याचा अर्थ. जपानचा काटेरी दाणा फिरत्या कढईतच घडतो, हे वर आलेच आहे. बोटे भाजल्याशिवाय पदार्थ खरा होत नाही, असे मानणाऱ्याने आधी स्वतःची बोटे परातीत घालावीत.

नुसत्या आठवणींनी गोड पदार्थ जगत नाही, याचा पुरावा नाशिक जिल्ह्यातच आहे. मालेगावजवळ रावळगाव येथे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखान्याचा पाया घातला आणि पुढच्या दशकात तिथे गोळ्या होऊ लागल्या. ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’, ‘कॉफी ब्रेक’ ही नावे महाराष्ट्राबाहेरही पोचली. या गोळ्यांबद्दल कोणीही ‘नुसती साखर’ म्हणत नाही. त्यांचा विषय निघाला की चाळिशीपुढच्या माणसांचे डोळे चमकतात. वास्तविक तीही साखरच: ग्लुकोज घालून दीडशे अंशांच्या आसपास उकळून काचेसारखी गोठवलेली. हलवा आणि गाठी स्फटिकांची असते म्हणून पांढरी दिसते आणि भुसभुशीत विरते. गोळी स्फटिक न धरलेली असते म्हणून पारदर्शक दिसते आणि गुळगुळीत राहते. फरक एवढाच असताना एकीला लाड आणि दुसरीला हेटाळणी कशासाठी? आणि त्या लाडाचा उपयोग तरी काय झाला? इतके प्रेम असूनही रावळगावचा गोळ्यांचा व्यवसाय आक्रसत गेला आणि २०२४ साली त्या नावांचे हक्क रिलायन्सच्या कंपनीला २७ कोटी रुपयांना विकले गेले. आठवण काढणारे लाखो होते. गोळी विकत घेणारे तेवढे उरले नव्हते.

मुलांना हे आवडत नाही, त्यांना चॉकलेटच हवे, हा युक्तिवाद मोठी माणसे मुलांच्या नावाने करतात. कॅडबरीने १९४८ साली भारतात व्यवसाय सुरू केला. चॉकलेट तेव्हापासून आहे आणि तेव्हापासून मुलांना आवडते. म्हणून गाठी बंद पडली नाही. बोरन्हाणात मुलाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे आणि हलवा ओततात आणि भोवतीची पोरे ते लुटतात. त्या लुटीत मजा असते ती जमिनीवर पसरलेले वेचण्याची, मुठीत काय आले ते पाहण्याची, एखादे बोर किडके निघण्याची. त्यात वेष्टनातल्या गोळ्या-चॉकलेटे ओतली की पोरे फक्त ती उचलतात आणि बाकीचे पायाखाली जाते. ही सवय पोरांनी लावून घेतलेली नाही. ओतणाऱ्या आत्या-मावश्यांनी लावली आहे. होळीला गळ्यात हार-कंगन घातलेले पोर ते दाताने तोडताना पाहिले तर त्याला ते आवडत नाही असे कोण म्हणेल?

आरोग्याच्या नावाने घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याला आकड्याने उत्तर दिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली आणि तत्सम मुक्त साखर रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. ती पाच टक्क्यांखाली, म्हणजे प्रौढासाठी सुमारे २५ ग्रॅमपर्यंत, आणता आली तर अधिक चांगले. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. तिळगूळ म्हणून तळहातावर पडणारा हलवा चमचाभरही नसतो आणि तो वर्षातून काही दिवस, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, मिळतो. मधुमेह असलेल्याने तो टाळावा, हे सांगायला कोणाची हरकत नाही. पण वर्षभर शीतपेय, बिस्किटे आणि चहातल्या साखरेकडे डोळेझाक करायची आणि जानेवारीत चिमूटभर हलव्यावर आरोग्याचे प्रवचन द्यायचे, यात आरोग्याची काळजी कितपत आहे?

या सगळ्या टीकेत एकच तक्रार रास्त आहे आणि नेमकी तीच क्वचित होते. रंगीत हलव्यात आणि गाठीत कोणता रंग आहे, माल कुठे आणि कोणत्या स्वच्छतेत केला, हे बाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या मालावर लिहिलेले नसते. उघड्या हातगाडीवर धूळ बसते. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार छोट्या उत्पादकालाही नोंदणी लागते. गिऱ्हाइकाने पाकिटावर नोंदणी क्रमांक, रंगाचे नाव आणि उत्पादनाची तारीख मागितली पाहिजे आणि अन्न व औषध प्रशासनाने सणाआधी खवा-पनीर तपासतात तशा गाठीच्या भट्ट्याही तपासल्या पाहिजेत. पांढरा, बिनरंगी हलवा मागावा. तो करणे अधिक कठीण असते, कारण त्यात पाकाचा पिवळेपणा रंगाखाली लपवता येत नाही. अशी तपासणी झाली तर नीट काम करणाऱ्याचा फायदाच होईल, कारण आज त्याचा माल आणि निष्काळजी माल एकाच दोरीला टांगला जातो.

हलवा आणि गाठी यांना ना ‘नुसती साखर’ म्हणून हिणवणारे जगवतात, ना ‘पूर्वीची चव गेली’ म्हणून उसासे टाकणारे. एकांच्या लेखी श्रम नाहीतच, आणि दुसऱ्यांना ते फक्त मेलेल्या माणसांचे दिसतात. चव गेलेली नाही. परातीवरचा हात आजही फिरतो आहे, साचे आजही पाण्यात भिजत पडले आहेत, भट्टीसमोर माणसे आजही उभी आहेत. ती डोळ्यांसमोर असताना त्यांच्या कामाला कमी लेखून त्याच कामाच्या आठवणीने गहिवरणे हा कृतघ्नपणा आहे. हे पदार्थ जगवतात ती माणसे म्हणजे डिसेंबरातच हलव्याच्या दागिन्यांची ऑर्डर नोंदवून आगाऊ रक्कम देणारी, मजुरीवरून घासाघीस न करणारी, गुढी उतरल्यावर गाठी कुटून पन्ह्यात घालणारी, आणि जमेल त्या वर्षी स्वतः परात मांडून एका वाटीपुरता तरी काटा आणून पाहणारी.